तेल, ताप आणि एरंड

आजचा भाग एका साध्या प्रश्नावरून. अमरावतीची काही पोरं जुनी छोटी कार घेऊन चार तासांच्या एन्ड्युरन्स रेसची तयारी करून राहिलीत. इंजिन एकच, वर्गणीचे पैसे मोजके. त्यांनी विचारलं, महागडं सिंथेटिक तेल घ्यावं की ऑइल कूलर बसवावा? मी सॉफ्टवेअरवाला. लॅपटॉप तापला की प्रोसेसर आपोआप वेग कमी करतो. जुनं इंजिन तसं करत नाही, ते थेट जाम होतं आणि पोरांचं वर्ष संपतं. म्हणून म्हटलं, आधी इतिहास पाहू.

ओसाड गावी एरंड बळी, असं आपण म्हणतो. इंजिनांच्या सुरुवातीच्या काळात एरंड खरंच बळी होता! १९०९ मध्ये वेकफिल्ड कंपनीने ‘कॅस्ट्रॉल’ आणलं, ते नावच कॅस्टर म्हणजे एरंडावरून. पहिल्या महायुद्धातल्या रोटरी विमानांत आख्खं इंजिन स्वतःभोवती फिरायचं. पेट्रोलचं मिश्रण क्रँककेसमधूनच जायचं, त्यात खनिज तेल विरघळून पातळ व्हायचं. एरंडेल सहज विरघळत नसे आणि तापल्यावरही चिवट थर धरायचं. पण तेल परत येत नसे, जळून बाहेर पडायचं, आणि धूर वैमानिकाच्या नाकातोंडात. पोटाचं काय होत असेल, आपल्या आज्जीला विचारा.

पुढे तेच तेल पुन्हा पुन्हा फिरवणारी इंजिनं रुळली आणि तेलाला दुसरं काम लागलं: उष्णता वाहून नेणं. १९८५ च्या सुझुकी जीएसएक्स-आर ७५० मध्ये पाण्याचा रेडिएटर नव्हता. पिस्टनखाली तेलाचे फवारे आणि समोर मोठा ऑइल कूलर. वजन वाचलं, आणि त्याच वर्षी ल मॉंच्या २४ तासांच्या शर्यतीत या गाड्या पहिल्या-दुसऱ्या आल्या. आपल्याकडे पुण्याच्या बजाजने २००७ मध्ये पल्सर २२० ला ऑइल कूलर दिला. पाण्याचा पंप नाही, रेडिएटर नाही. इंजिनात तेल आहेच, तेच थोडं बाहेर फिरवून आणायचं. कमी खर्चात जास्त काम.

आता मुद्दा बघा. या दोन्ही गाड्यांत पाणी नव्हतं, म्हणून तेलावर भार होता. पोरांच्या कारमध्ये रेडिएटर आहे. म्हणजे पहिला रुपया रेडिएटर साफ करण्यावर, होज आणि थर्मोस्टॅटवर. दुसरा तेलाच्या तापमानाच्या गेजवर. तेल १०० ते १२० अंशांत राहिलं तर कूलरची गरजच नाही. फार थंड तेलही वाईट, त्यातली वाफ उडत नाही. गेज सतत १३० दाखवू लागला तरच कूलर, तोही थर्मोस्टॅटवाला. कारण प्रत्येक नवा जोड म्हणजे गळतीची नवी जागा.

तेलाचं म्हणाल तर १५डब्ल्यू-४० मधला ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा. अकोल्याच्या ४५ अंशांत त्याची काळजी कोण करतो? दुसरा आकडा पहा, तो १०० अंशांवरच्या घट्टपणाचा. कंपनीने सांगितलेला ग्रेड घ्या आणि रेसआधी ताजं तेल भरा.

शेवटचं, ब्रेक ऑइल विसरू नका. ताजं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषलेल्यासाठी ती हमी फक्त १५५ ची. पावसाळा पाहिलेला जुना डबा वापरू नका. इंजिन जाम झालं तर रेस जाते, ब्रेक गेला तर पोरगा जातो.

तर पोरांनो, आधी गेज, मग कूलर. भेटू पुढच्या भागात!