लाल आकडे

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या कचेरीत काम होत नसे, असं जे लोक म्हणत ते आमच्यावर अन्याय करीत. काम होई, फक्त ते पुढल्या वर्षाचं असे. नवं कॅलेंडर आलं रे आलं, की आमचे हेडक्लार्क चष्मा पुसून ते पुढ्यात घेत आणि आम्ही पाचसहाजण, बारशाला पत्रिका मांडावी तसे टेबलाभोवती गोळा होत असू. मग लाल आकड्यांची मोजणी सुरू. "सव्वीस जानेवारी... सोमवार. वा! रविवारला जोडून. रामनवमी... रविवार. गेली!" हे 'गेली' ते अशा सुरात म्हणत, की बाहेरचा शिपाई टोपी काढून उभा राही. एका वर्षी तीन सण रविवारी पडले, तेव्हा दुपारी डबा उघडायची कुणाला इच्छा होईना.

पुढे मी निवृत्त झालो आणि सगळे आकडे एकाच रंगाचे झाले. ज्याला कामच नाही त्याला सुट्टी कसली? रविवार आला हे मला आता पेपरच्या पुरवणीवरून कळतं. तेव्हा म्हटलं, जिच्यावर हयातभर जीव टाकला त्या सुट्टीचं कूळमूळ तरी पाहावं. वाचनालयातून पुस्तकं आणू लागलो.

रविवारच्या सुट्टीचा जी.आर. रोमन बादशहा कॉन्स्टंटाइन याने काढला, ७ मार्च ३२१ रोजी. शहरातल्या न्यायाधीशांनी, कारागिरांनी सूर्याच्या वारी काम बंद ठेवावं. शेतकऱ्यांना मात्र खास सवलत, म्हणजे काम करण्याची सवलत! पेरणीची वेळ चुकू नये म्हणून. सुट्टीच्या हुकमात अपवाद घालायची सरकारी सवय इतकी जुनी आहे.

बँक ऑफ इंग्लंड एके काळी संतांच्या नावाने वर्षाला ३३ सुट्ट्या देत असे. १८३४ साली त्या एकदम चारवर आणल्या. हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो. १८७१ साली सर जॉन लबक यांनी पार्लमेंटात कायदा करून घेऊन बँकांना हक्काच्या सुट्ट्या मिळवून दिल्या, तेव्हा लोक त्यांना कौतुकाने 'सेंट लबक' म्हणू लागले. संतांच्या सुट्ट्या गेल्या आणि सुट्टी देणारा संत झाला!

त्याच इंग्लंडात १६४७ साली प्युरिटन मंडळींच्या पार्लमेंटाने नाताळच बंद करून टाकला होता. बायबलात त्याची आज्ञा नाही, शिवाय लोक खातातपितात फार. त्या वर्षी पंचवीस डिसेंबरला दुकानं उघडी ठेवायला लावली म्हणून कँटरबरीत दंगल उसळली. १६६० साली राजा परत आला आणि त्याच्या मागोमाग नाताळही आला. स्कॉटलंडला मात्र नाताळची सार्वजनिक सुट्टी मिळायला १९५८ साल उजाडलं.

फ्रेंचांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांनी राजाचं डोकं उडवलं, आणि त्याच धडाक्यात १७९३ साली आठवड्याचंही उडवलं. महिना तीस दिवसांचा, आठवडा दहा दिवसांचा, सुट्टी दहाव्या दिवशी. संतांची नावं पुसून प्रत्येक दिवसाला नवं नाव दिलं : एक दिवस गाजराचा, एक बटाट्याचा, एक चक्क गाढवाचा. हिशोब सुटसुटीत. पण शेतावरच्या माणसाने तो बोटांवर मोजून पाहिला. पूर्वी सहा दिवस राबून सातवा मिळत होता, आता नऊ दिवस राबायचं. राजा गेला, ठीक. पण वर्षाचे सोळा रविवारही गेले! गावोगाव लोक गुपचूप रविवारच पाळत राहिले. शेवटी नेपोलियनने १ जानेवारी १८०६ पासून जुनं कॅलेंडर पुन्हा भिंतीवर लावलं.

हे सगळं मी मिटक्या मारीत वाचत होतो. पण पुस्तक मुंबईला आलं आणि मी जरा सावरून बसलो. आमचे पणजोबा कोकणातून येऊन गिरणीत लागले होते. घरात त्यांचा एकही फोटो नाही. फोटो काढायला दिवसाउजेडी मोकळा वेळ लागतो. त्या काळी गिरणी कामगाराला हक्काची साप्ताहिक सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली ही मागणी उचलली, सभा घेतल्या, अर्ज लिहिले, 'दीनबंधू'तून लेखणी झिजवली. गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली ती १० जून १८९० रोजी. रविवार हा साहेबाच्या चर्चचा वार खरा, पण तो आमच्या खंडोबाचाही वार आहे! बत्तीस वर्षं मी जो लाल आकडा माझ्याच बापजाद्यांची इस्टेट असल्यासारखा वापरला, त्यासाठी कुणीतरी सहा वर्षं भांडलं होतं, आणि हेडक्लार्कांपासून माझ्यापर्यंत एकालाही त्याचं नाव ठाऊक नव्हतं.

खरी गंमत पुढे रशियात झाली. तिथल्या पुढाऱ्यांना वाटलं, रविवारी यंत्रं थांबतात हे बरोबर नाही. म्हणून १९२९ साली त्यांनी पाच दिवसांचा आठवडा काढला आणि कामगारांचे पाच रंगांत वाटे केले. पिवळा, गुलाबी, लाल, जांभळा, हिरवा. प्रत्येकाला चार दिवस काम, पाचव्या दिवशी सुट्टी; पण प्रत्येक रंगाची सुट्टी वेगळी. म्हणजे केव्हाही पाहा, शंभरातली ऐंशी माणसं कामावर. यंत्रं थांबत नाहीत, आणि रविवार नाही म्हणून चर्चही आपोआप ओस पडणार. एका दगडात दोन पक्षी!

वर वर पाहता रशियन माणसाला पूर्वीपेक्षा जास्तच सुट्ट्या मिळत होत्या. तरी तो कुरकुरू लागला. कारण नवरा पिवळा, बायको हिरवी, पोरं शाळेत. सुट्टीच्या दिवशी घरी बसून करायचं काय? भिंतीशी गप्पा? १९३१ पासून सगळ्यांची सुट्टी पुन्हा एका दिवशी आणायला सुरुवात झाली, आणि १९४० साली सात दिवसांचा आठवडा आपल्या रविवारासकट परत आला.

हा भाग मी आमच्या हिला मोठ्याने वाचून दाखवला. ती निवडत होती मेथी. म्हणाली, "रशियाचं कशाला सांगता? फ्रिजवर बघा."

फ्रिजवर आमच्या घराचं वेळापत्रक चिकटवलेलं आहे. चिरंजीव अमेरिकेच्या घड्याळावर नोकरी करतात. त्यांचं निळ्या शाईत. सूनबाई इस्पितळात, पाळीपाळीने, त्यांचं हिरव्या. नातवाची शाळा लाल शाईत. चार जुलैला, अमेरिका स्वतंत्र झाली म्हणून, आमचा मुलगा दिवसभर घरात लोळतो आणि पंधरा ऑगस्टला कामावर असतो. २०२३ सालची दिवाळी आठवते. लक्ष्मीपूजन रविवारी. आमचे हेडक्लार्क असते तर म्हणाले असते, "गेली!" पाडव्याला सूनबाईंची रात्रपाळी. भाऊबीज बुधवारी, मुलगी ठाण्याहून ताट घेऊन यायची आणि भाऊ बंद खोलीत अमेरिकेशी बोलत बसायचा. आमच्या घरात सुट्ट्या रग्गड होत्या, पण सण मावेल असा एक दिवस नव्हता. मी फार खिन्न झालो. माणसाला सुट्टी मिळाली की झालं, असंच मी जन्मभर समजत आलो होतो.

"त्यात काय एवढं?" ही म्हणाली. "संक्रांतीचं हळदीकुंकू आम्ही रथसप्तमीपर्यंत करतो की नाही? चैत्रगौरीचं अक्षय्यतृतीयेपर्यंत. सगळ्या बायका एका दिवशी मोकळ्या व्हायला त्या काय सरकारी नोकर आहेत? जिला जमेल तो दिवस तिचा."

फ्रान्सच्या क्रांतिकारकांना आणि रशियाच्या इंजिनियरांना जे सुचलं नाही, ते आळीतल्या बायकांनी कधीच करून ठेवलं होतं. त्यांनी दिवस माणसांप्रमाणे वाकवला. त्यासाठी कुणाचं डोकंही उडवावं लागलं नाही.

हिने निळी शाई वाचली, हिरवी वाचली आणि जाहीर केलं : भाऊबीज २३ नोव्हेंबरला. अमेरिकेत त्या गुरुवारी आभार मानायचा सण असतो, म्हणून चिरंजीव मोकळे. सूनबाईंनी पाळी बदलून घेतली. आदल्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की तेवीस तारखेला नेमकी कार्तिकी एकादशी!

बहिणीने भावाला ओवाळलं आणि पानात पक्वान्न म्हणून साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि रताळ्याचा कीस. पंढरपूर, अमेरिका आणि यमराज यांचा सण एकाच पंगतीत जेवला. पण घरातली सगळी माणसं एकदम पाटावर बसली होती, आणि असं किती महिन्यांनी घडलं ते मी मनात मोजून पाहिलं. आकडा सांगण्यासारखा नव्हता.

जेवणाआधी मी हळूच उठून भिंतीवरच्या कॅलेंडरशी गेलो आणि त्या काळ्या तेविसाला लाल पेन्सिलीने गोल केला. बत्तीस वर्षं दुसऱ्यांनी छापलेले लाल आकडे मोजले. हा पहिला मी केलेला. जरा अभिमानाने मागे वळून पाहिलं.

"झालं का?" ही स्वयंपाकघरातून म्हणाली. "ती पेन्सिल ठेवा आणि पाणी वाढा. मी अजून उभीच आहे."