तांब्याच्या वाटा

बंगळूरच्या आग्नेय भागात होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांवरून नाव घेतलेली एचएसआर लेआउट ही वसाहत आहे. सात सेक्टरांत आखलेल्या या वसाहतीत संगणकावर उपजीविका करणारे पुष्कळ लोक राहतात. त्यांपैकी एखाद्याला सुटीच्या दिवशी आपल्या हाताने एखादे लहानसे विद्युत्-उपकरण घडवावेसे वाटते. सुटे भाग शहरातील एस. पी. रोडच्या बाजारात मिळतात, आणि डाख देणे थोड्या सरावाने जमते. गाडे अडते ते सर्किट बोर्डाचा आराखडा काढण्याच्या प्रणालीपाशी. दिवसभर स्वतः प्रणाली लिहिणारा हा मनुष्य तिच्यापुढे हतबल होतो, आणि कित्येकदा हौसच सोडून देतो. असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर त्याच्या बुद्धीत नाही; ते या विद्येच्या इतिहासात आहे.

पॉल आयस्लर हा १९०७ साली व्हिएन्नात जन्मलेला अभियंता १९३६ मध्ये इंग्लंडला आला. तारांच्या गुंत्याऐवजी पाटीवर बसविलेल्या धातूच्या पातळ पत्र्यातून वाटा कोरून काढाव्यात, ही त्याची कल्पना. दुसऱ्या महायुद्धानंतर ती नागरी उद्योगात रुजली आणि तिच्याभोवती एक नवा व्यवसाय उभा राहिला. अभियंता कागदावर मंडळाची आकृती काढी. आरेखक पारदर्शक पत्र्यावर काळ्या चिकटपट्ट्या लावून तांब्याच्या वाटा दुप्पट किंवा चौपट आकारात मांडी. तपासनीस प्रत्येक जोड पडताळून पाही. छायाचित्रकार तो आराखडा मूळ मापात आणी, आणि कारागीर भोके पाडी. पाच माणसांची ही पाच कामे होती, आणि प्रत्येक काम जुन्या हाताजवळ बसून शिकण्याचे होते.

संगणकाने ही पाचही कामे एका पडद्यावर आणली. पण त्यांच्यामधल्या भिंती तशाच राहिल्या. म्हणून आपली प्रणाली आकृतीतील चिन्ह वेगळे मागते आणि पाटीवरील त्या भागाची जागा, म्हणजे फूटप्रिंट, वेगळी मागते. नवशिक्याला हा निव्वळ छळ वाटतो. परंतु ट्रान्झिस्टरचेच उदाहरण घ्या. बीसी ५४७ आणि टूएन ३९०४ या दोन प्रचलित ट्रान्झिस्टरांचे चिन्ह एकच, पायांचा क्रम मात्र एकमेकांच्या उलट. हा भेद पूर्वी आरेखकाला तोंडपाठ असे. आज तो ज्याला सांगणारा कोणी नाही, त्याची पाटी निर्दोष दिसते. पण तिच्यावरील उपकरण चालत नाही.

मापांचेही तसेच. भारताने १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत स्वीकारली. पण जुन्या घडणीच्या चिपांचे पाय आजही इंचाच्या दहाव्या हिश्शाने, म्हणजे २.५४ मिलिमीटरने, दूर असतात. शेवटी कारखान्याला पाठवायच्या फाइलींना 'गर्बर' का म्हणतात, हेही कोडेच वाटते. जोसेफ गर्बर हाही व्हिएन्नाचाच. तो १९४० मध्ये अमेरिकेत आला, आणि पुढे त्याच्या कंपनीने प्रकाशाने फिल्मवर आराखडा रेखणारी यंत्रे बनविली. त्या यंत्रांची भाषा त्याच्या नावाने उरली आहे.

दुसरे दुःख अधिक खोल आहे. जर्मनीत १९८८ साली निघालेली 'ईगल' ही प्रणाली जगभरच्या हौशी मंडळींनी वर्षानुवर्षे कष्टाने आत्मसात केली. २०१६ मध्ये ती ऑटोडेस्क कंपनीने विकत घेतली, आणि ७ जून २०२६ नंतर ती बंद होईल, असे २०२३ मध्ये जाहीर झाले. जी विद्या एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून असते, ती शिकणाऱ्याची कधीच पुरती होत नाही. याउलट ग्रनोबल येथील अध्यापक झाँ-पिएर शारा यांनी १९९२ मध्ये आरंभिलेली 'किकॅड' सर्वांसाठी खुली आहे. सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेने २०१३ पासून तिला हातभार लावला. मुंबईच्या आयआयटीतील 'फॉसी' प्रकल्पाने ई-सिम ही खुली प्रणाली विद्यार्थ्यांसाठी सिद्ध केली, तीही किकॅडच्या आधारावरच.

परंतु खुली प्रणाली म्हणजे सोपी प्रणाली नव्हे. साधन फुकट मिळाले, तरी ते धरायचे कसे हे सांगणारा लागतो. बंगळूरला ही जाण पूर्वीच होती. तेथील भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली स्विस सहकार्याने इलेक्ट्रॉनिक आराखड्यांचे शिक्षण देणारे केंद्र उभे राहिले. त्याच केंद्राच्या मालेत वॉल्टर बॉसहार्ट यांचे सर्किट बोर्डावरील पुस्तक १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या काळचे अनेक संगणक आज मोडीत निघाले. पण वाट किती रुंद असावी, उष्ण भाग कोठे बसवावा, हे प्रश्न जुने झालेले नाहीत.

तेव्हा हताश झालेल्या हौशी मनुष्याने प्रथम एवढे ओळखावे, की आपण एक प्रणाली शिकत नसून पाच माणसांची कामे एकट्याने शिकत आहोत. त्यांना वेळ लागणारच. दोन-चार भागांचीच पाटी घ्यावी. तिचा आराखडा मूळ मापात कागदावर छापावा. आणि तांब्याला हात लावण्यापूर्वी प्रत्येक भागाचे पाय त्या कागदावर ठेवून पाहावेत. तपासनीसाचे काम यंत्राने बरेचसे उचलले आहे. पण हातातील भाग खरोखर कोणता, हे यंत्राला दिसत नाही.