खडी, मस्टर आणि पगारातली कपात

चिटणिसांनी मला विषय दिला तो हवामानबदलाचा : पाऊस लहरी होत चालला असता गरीब देशांनी तग कसा धरावा. मी हवामानशास्त्रज्ञ नव्हे आणि इतिहासाचा पंडित तर नव्हेच. शाळा नववीत सुटली. पुढे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, दुसरी पाळी सुटल्यावर. तेव्हा मी आपला माझ्या ओळखीच्या कागदापासून आरंभ करतो. तो कागद म्हणजे पगाराची चिठ्ठी.

तिच्यावर प्रॉव्हिडंट फंडाच्या जवळपास 'व्यवसायकर' नावाची एक कपात असते. बहुतेक कायम कामगारांना ती महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाला अडीच हजार पडते. माझ्या ऐन पंचविशीत एका गेटसभेत कोणी तरी विचारले, "ही कपात कशाची?" मी ठोकून दिले, "सरकारची लूट, दुसरे काय!" टाळ्या पडल्या. ते उत्तर अर्धवट वाचनाचे होते, हे कळायला मला पुढे काही वर्षे लागली.

दुष्काळात सरकारने काम द्यावे ही कल्पना जुनी आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात इंग्रज सरकारने दख्खनमध्ये कामे काढली होती. पण माणूस मरू नये एवढेच द्यायचे, अधिक दिले तर आळस वाढेल, असा त्यामागचा हिशेब. १८७७ च्या आरंभी व्हाइसरॉय लिटनने धाडलेल्या सर रिचर्ड टेंपलने मजुरी उतरवून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढ्यावर आणली. पौंड म्हणजे आपला सुमारे अर्धा शेर. दिवसभर माती उपसणाऱ्याला अर्धा शेर! मुंबई इलाख्यातले हजारो मजूर, पोटात अन्न नसताना, कामावरून उठून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू उचलून धरली. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरविली ती १८८४ साली. हा संप त्याच्या सात वर्षे आधीचा. आमच्या चळवळीच्या भाषणांत त्याचा उल्लेख क्वचितच होतो, याचे मला वाईट वाटते. पुढे दुष्काळसंहिता आली, पण दुष्काळ पडला की नाही हे ठरविणार सरकारच. मजुराच्या हाती काही आले नाही.

आता १९७२ कडे येतो. त्याआधीची दोन वर्षे पाऊस हुलकावण्या देत होता, त्या साली त्याने पाठच फिरविली. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. माझी आई त्यांतली एक. मला बाभळीला बांधलेल्या झोळीत टाकून ती खडी फोडीत असे. तिच्या बोलण्यात त्या दुष्काळाच्या तीनच खुणा येत : अमेरिकेचा लाल मिलो, पोरांना मिळणारी सुकडी, आणि मस्टरवर नाव लागले की नाही याचा घोर. नाव सुटले की दिवस फुकट. कामे उघडावीत, मजुरी वेळेवर मिळावी, म्हणून त्या काळात तहसील कचेऱ्यांवर मोर्चे गेले, कामांवर संप झाले. त्याच सुमारास आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यात आणि इथिओपियातही अवर्षण होते. तिथे माणसांचा फार मोठा संहार झाला. आपल्याकडे १८७७ ची पुनरावृत्ती टळली. मजुरी गावाच्या वेशीपर्यंत पोचली, हे त्याचे मोठे कारण.

हे काम दुष्काळापुरते न राहता कायमचे असावे, हा विचार विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचा. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोगही झाला होता. १९७७ साली महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, न दिल्यास भत्ता. दुष्काळ जाहीर होण्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. यासाठी पैसा हवा म्हणून १९७५ साली जो व्यवसायकराचा कायदा आला, तीच आमची चिठ्ठीवरची कपात! जेवढा कर गोळा होईल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची. म्हणजे ज्याला मी लूट म्हणालो होतो, तो शहरातल्या पगारातून दुष्काळी गावाकडे जाणारा बांधील पैसा होता.

पुढे २००५ साली संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तो याच धड्यावरून. अर्थात हमीने सगळे भागत नाही. २०१६ साली मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले. मस्टरवर नाव असून घागर रिकामी राहते. पाझर तलाव कुठे बांधला, कसा बांधला, गाळ कोणी काढला, यावर पुढचा दुष्काळ किती झोंबेल ते ठरते, आणि पुष्कळ कामे नुसती मस्टर भरण्यासाठी झाली हेही मी जाणतो.

तरी कपातीची ती ओळ मला जगाच्या परिषदांकडे पाहताना आठवते. २००९ साली कोपनहेगनमध्ये श्रीमंत देशांनी वचन दिले की २०२० पर्यंत गरीब देशांना हवामानबदलासाठी दरसाल १०,००० कोटी डॉलर उभे करू. तो आकडा प्रथम गाठला गेला २०२२ साली, आणि त्यांच्या सरकारांकडून आलेल्या पैशातला मोठा भाग कर्जाचा. ज्यांच्या धुराड्यांनी हवा तापविली, त्यांच्या पगाराच्या चिठ्ठीवर अशी ओळ कुठे आहे? वचन त्यांच्या मर्जीवर, फेड मात्र आपल्या माथी.

चूक कळल्यावर मी पुन्हा गेटसभेत उभा राहिलो आणि जुने उत्तर मागे घेतले. टाळ्या पडल्या नाहीत. बीडकडचा एक कामगार मात्र म्हणाला, "काका, पैसा आमचा जातो म्हणता, मग माझ्या भावाला तीन महिने काम का मिळत नाही?" सभा संपल्यावर आम्ही दोघांनी कचेरीत बसून भावासाठी कामाच्या मागणीचा अर्ज लिहिला. तारखेसह पोच घेतल्याशिवाय उठू नकोस असे त्याला सांग, म्हणून मी दोनदा बजावले.