मुदतीचा ताप आणि आपली नवी मुंबई

मंडळी, आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत टायफॉइडला 'मुदतीचा ताप' म्हणत. म्हणजे ताप आपली मुदत भरेल तेव्हाच उतरणार, तोवर पेज पाजा आणि वाट बघा. प्रतिजैविकं आली आणि ही मुदत बरीच आटपली. पण जंतूही काही कमी हुशार नसतात. २०१६ मध्ये पाकिस्तानच्या सिंध प्रांतात असा टायफॉइड पसरू लागला, की नेहमीची बहुतेक औषधं त्याच्यापुढे चालेनात. मग ताप आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा तो येऊच नये हे बरं, नाही का?

विचार तसा जुनाच. इंग्लंडमध्ये आल्मरॉथ राइटने १८९६ मध्येच टायफॉइडची लस टोचून पाहिली होती. आणि १० जानेवारी १८९७ ला हाफकिनने इथे मुंबईत स्वतःची प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. (परळची हाफकिन संस्था ती याच्याच नावाची.) म्हणजे या कामाचा आपल्या भागाला सव्वाशे वर्षांचा अनुभव आहे!

मग टायफॉइड इतकी वर्षं कसा टिकला? एक कारण लशीतच होतं. जुन्या लशीने अंग दुखायचं, ताप यायचा. नंतरची 'व्ही-आय' लस सौम्य होती, पण दोन वर्षांखालच्या बाळांवर तिचा उपयोग होत नसे. यावर तोडगा म्हणजे कॉन्जुगेट लस. जंतूच्या कवचातली शर्करा एका प्रथिनाला जोडायची, की लहान बाळाचं शरीरही ती ओळखायला शिकतं. हैदराबादच्या भारत बायोटेकची अशी लस देशात २०१३ पासून मिळू लागली आणि २०१७ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेनेही तिला पूर्वमान्यता दिली.

पण 'मिळू लागली' म्हणजे कोणाला? खासगी बालरोगतज्ज्ञाकडे पैसे मोजू शकणाऱ्यांना. टायफॉइड पसरतो दूषित पाण्यातून आणि अन्नातून. म्हणजे ज्याच्या घरी नळाचा भरवसा नाही त्याला धोका जास्त, आणि लस मात्र त्याच्यापासूनच लांब.

इथे आपली महापालिका कथेत येते. १४ जुलै ते २५ ऑगस्ट २०१८ या काळात नवी मुंबई महापालिकेने ही लस मुलांना मोफत दिली. सरकारी यंत्रणेने टायफॉइडची कॉन्जुगेट लस राबवण्याची ही जगातली पहिलीच वेळ. पाकिस्तानने ती राष्ट्रीय पातळीवर आणायला सुरुवात केली ती पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१९ मध्ये. आपल्याकडे ९ महिने ते १४ वर्षं वयाची सुमारे ३ लाख २० हजार मुलं डोळ्यांसमोर होती. काम दोन टप्प्यांत विभागलं होतं. पहिल्या टप्प्यात २२ पैकी ११ आरोग्य केंद्रांच्या हद्दीत १,१३,४२० मुलांना लस मिळाली.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळतं. नवी आवृत्ती आधी निम्म्या ठिकाणी टाकायची, मग दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून बघायचे. इथेही तेच झालं. रुग्णालयांत तापाच्या मुलांचं रक्त कल्चरला पाठवून खरा टायफॉइड मोजला. (विडाल चाचणीचा भरवसा नाही, म्हणून कल्चर.) जिथे मोहीम झाली होती तिथे टायफॉइडचं प्रमाण जवळपास निम्म्याने कमी आढळलं.

आता दुसरी बाजू. पहिल्या टप्प्यातसुद्धा दर दहांपैकी साधारण तीन मुलांपर्यंत लस पोचली नाही. लस फुकट, केंद्र जवळ, तरीही. शीतपेटीतली बाटली आणि मुलाचा दंड यांच्यामधलं शेवटचं अंतर कारखान्यात कापता येत नाही. त्याला दारोदार फिरणारी, वस्तीत ओळख असणारी माणसंच लागतात. शिवाय लस आली म्हणून पाण्याच्या पाइपाचं काम थांबवता येत नाही. दोन्ही लागतंच.

आपल्या कंपनीचा मेडिक्लेम बहुतेक वेळा माणूस आडवा झाल्यावरच कामाला येतो. माणूस आडवा होऊच नये म्हणून जे काम चालतं, ते वॉर्डातल्या आरोग्य केंद्रात. तुमचं केंद्र कुठे आहे, माहीत आहे? पुढच्या शनिवारी बघून या.