सिबिल थॉर्नडाइक आणि खाणकामगारांचा रंगमंच

कामगाराला नाटकाचे काय, त्याला आधी भाकरी द्या, असे म्हणणारे लोक मालकवर्गात भेटतात, तसे आमच्या चळवळीतही भेटतात. त्या सर्वांना मी एका इंग्रज नटीचे चरित्र सांगू इच्छितो.

सिबिल थॉर्नडाइकचा जन्म 1882 सालचा. वडील धर्मोपदेशक, बालपण केंट परगण्यातील रॉचेस्टर गावी गेले. तिला व्हायचे होते पियानोवादक. पण मनगटाच्या दुखण्याने ते स्वप्न मोडले आणि ती नाटकाकडे वळली. बेन ग्रीटच्या फिरत्या मंडळीबरोबर तिने अमेरिका पालथी घातली. नट व दिग्दर्शक लुईस कॅसन याच्याशी 1908 साली तिचा विवाह झाला. संसार आणि रंगभूमी दोघांनी मिळून चालविली.

पहिल्या महायुद्धात ती लंडनच्या ‘ओल्ड व्हिक’मध्ये होती. गरीब वस्तीतले हे नाटकगृह लिलियन बेलिसबाई मोठ्या काटकसरीने, स्वस्त तिकिटांवर चालवीत. पुरुष नट आघाडीवर गेले, तेव्हा सिबिलबाईंनी शेक्सपिअरचे राजपुत्र आणि विदूषकही रंगविले. 1924 साली बर्नार्ड शॉचे ‘सेंट जोन’ लंडनला आले. जोनची भूमिका शॉने त्यांनाच डोळ्यांसमोर ठेवून लिहिली होती. या भूमिकेने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले.

आता कसोटी पाहा. 1926 च्या मे महिन्यात खाणकामगारांच्या पाठिंब्यासाठी ब्रिटनमध्ये सार्वत्रिक संप झाला आणि त्यात ‘सेंट जोन’चे प्रयोग बंद पडले. नुकसान कोणाचे? त्यांचे स्वतःचेच. तरीही हे दांपत्य संपवाल्यांच्याच बाजूला उभे राहिले. दुसऱ्याच्या खिशातून जाणाऱ्या पैशावर तत्त्वनिष्ठा दाखविणे सोपे असते; स्वतःच्या मिळकतीवर पाणी सोडून ती दाखविणारे थोडे. नटांची संघटना ‘इक्विटी’ 1930 साली स्थापन झाली. कॅसन 1941 ते 1945 तिचे अध्यक्ष होते. नट हाही श्रम विकून जगणारा माणूस आहे, हे या घराला कोणी शिकवावे लागले नाही.

दुसरे महायुद्ध आले. 1940 पासून ‘ओल्ड व्हिक’ची मंडळी घेऊन ही दोघे वेल्सच्या खाणींच्या गावांत फिरली. तेथील खाणकामगारांनी पगारातून वर्गणी काढून स्वतःची सभागृहे व ग्रंथालये उभारली होती. त्या सभागृहांत बाईंनी काय दाखविले? ‘मॅकबेथ’ आणि युरिपिडीजचे ‘मीडिया’! कामगारांसाठी म्हणून काही हलकेफुलके निवडले नाही; राजधानीतल्या रसिकांपुढे जे ठेवावे, तेच कोळसा खणणाऱ्यांपुढे ठेवले. माणसाला मान देणे म्हणतात ते हेच.

त्यांना ‘डेम’ हा किताब 1931 सालीच मिळाला होता. पुढे चित्रपट आणि दूरचित्रवाणीवरही त्यांनी कामे केली. 1962 साली, ऐंशीच्या उंबरठ्यावर, चेकॉव्हच्या ‘अंकल वान्या’त त्या म्हाताऱ्या दाईच्या भूमिकेत उभ्या राहिल्या. 1976 साली त्या वारल्या; त्यांच्या अस्थी वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये आहेत.

भाकरी आधी हवी, याबद्दल माझे दुमत नाही. उभा जन्म मी त्याच मागणीत घालविला. परंतु आठवड्याच्या तुटपुंज्या पगारातून पुस्तकांसाठी आणि सभागृहासाठी पैसा बाजूला काढणारा तो वेल्सचा कामगार काही वेगळेही मागत होता. ती मागणी ओळखून सिबिलबाई त्याच्या दारी गेल्या. आपणही आपल्या मागण्यांच्या यादीत ती घातली पाहिजे.