काडतूस अडकणे (बोल्ट-ॲक्शन रायफल)

काडतूस अडकणे म्हणजे बोल्ट पुढे ढकलला असता मॅगझिनमधील काडतूस चेंबरमध्ये नीट न शिरणे होय. शिकारी रायफलींत, तसेच महाराष्ट्र पोलिसांनी दीर्घकाळ वापरलेल्या .३०३ ली-एनफिल्ड रायफलीत हा दोष आढळतो.

कारणे
.३०३ काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेमागे गेल्यास दोन्ही अडकतात. म्हणून भरताना ती पुढे ठेवतात. कडा बाहेर नसलेल्या ७.६२ मिमी काडतुसांच्या ईशापूर २ए रायफलीत हा प्रकार संभवत नाही. मॅगझिनचे वाकलेले ओठ, दुर्बल स्प्रिंग व बोल्ट अर्धवट मागे ओढणे ही अन्य कारणे होत. ठाणे, कल्याण-डोंबिवलीसारख्या दमट हवेत स्प्रिंगला गंज चढतो.

निवारण
नळी सुरक्षित दिशेस ठेवून, मॅगझिन काढून, बोल्ट मागे घ्यावा व चेंबर रिकामे असल्याची खात्री करावी. बोल्ट जोराने रेटू नये. चेंबरमध्ये आधीच काडतूस असल्यास दुसऱ्याचे टोक त्याच्या बुडावर आदळून बार उडू शकतो. दुरुस्ती परवानाधारक शस्त्रकाराकडूनच करून घ्यावी.