घरकोंबडा, कुत्रा आणि प्रश्नमंजूषा : ब्रिटिश पबचा घरगुती इतिहास

१/
१० नोव्हेंबर १९५१. आयर्लंडमधील वेक्सफर्ड परगण्यात काही मंडळी पक्ष्यांच्या शिकारीस निघाली होती. त्यांत गिनेस या मद्य-कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक सर ह्यू बीव्हर होते. एका सोनेरी प्लव्हर पक्ष्यावर त्यांचा नेम चुकला आणि सायंकाळी यजमानांच्या घरी वाद पेटला : शिकारीच्या पक्ष्यांत युरोपात सर्वांत वेगवान कोण? प्लव्हर की ग्राउस? पुस्तके चाळली गेली. उत्तर सापडले नाही.

२/
बीव्हर यांच्या मनात आले की असे निरुत्तर वाद ब्रिटन व आयर्लंडमधील ८० हजारांहून अधिक पबांत रोज रात्री रंगत असणार. ते मिटवणारे पुस्तक का असू नये? नॉरिस आणि रॉस मॅकव्हर्टर या जुळ्या भावांवर हे काम सोपवण्यात आले. १९५४ मध्ये प्रसिद्धीसाठी १,००० प्रती फुकट वाटल्या गेल्या. २७ ऑगस्ट १९५५ रोजी १९८ पानांचे पुस्तक सिद्ध झाले आणि त्याच वर्षीच्या नाताळात ते ब्रिटनमधील सर्वाधिक खपाचे पुस्तक ठरले. जगप्रसिद्ध ‘गिनेस बुक’चा जन्म पबातील वादांसाठी झाला, तो असा.

३/
पबातील वाद पुढे प्रश्नमंजूषेच्या रूपाने शिस्तीत बसला. आज ब्रिटनमधील एखाद्या पबात प्रश्नमंजूषेच्या रात्री डोकवा. कोपऱ्यातल्या मेजाशी एरवी संध्याकाळी घराचा उंबरठा न ओलांडणारा एखादा घरकोंबडा बसलेला असतो. हातात पेन्सिल, पायाशी कुत्रा. गर्दीला कंटाळणाऱ्या या माणसाला दर आठवड्याला घराबाहेर काढते तरी काय? या थ्रेडमध्ये त्याचे उत्तर शोधू.

४/
आरंभ शब्दापासून. ‘पब’ हे ‘पब्लिक हाउस’चे लघुरूप, म्हणजे लोकांसाठी उघडे असलेले घर. हा नुसता अलंकार नव्हे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ‘एल’ नावाची बिअर घरोघरी गाळली जाई आणि हे काम बहुतांशी स्त्रियांकडे असे. घरापुरती ठेवून उरलेली विकायची असली, की दाराबाहेर एक काठी लावत आणि तिच्या टोकाला डहाळ्यांचा झुबका बांधत. ती खूण पाहून शेजारीपाजारी आत येत. दुकान असे वेगळे नव्हतेच. घराचीच एक खोली काही काळ गावाची होई.

५/
१५५२ मध्ये सहाव्या एडवर्डच्या राजवटीत या मद्यगृहांना परवाना सक्तीचा झाला आणि तो देण्याचा अधिकार स्थानिक न्यायाधीशांकडे गेला. मग १८३० मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या सरकारने नेमकी उलट दिशा धरली. जिन या जहाल दारूचा प्रसार रोखावा आणि बिअरच्या धंद्यात स्पर्धा यावी म्हणून ‘बिअरहाउस कायदा’ झाला. दोन गिनी शुल्क भरले की कोणत्याही करदात्याला स्वतःच्या घरातून बिअर विकता येऊ लागली. हजारो कुटुंबांनी आपल्या बैठकीच्या खोल्या गिऱ्हाइकांना खुल्या केल्या. पबातली शेकोटी, गालिचा आणि जुन्या खुर्च्या यांत घराचा भास होतो, त्यामागे हा खरा इतिहास आहे.

६/
आता कुत्र्याकडे वळू. पबातील त्याचा पूर्वेतिहास सुखाचा नाही. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या कित्येक पबांत लाकडी कठड्याच्या रिंगणात उंदीर सोडले जात आणि कोणाचा कुत्रा किती वेळात किती उंदीर मारतो यावर पैजा लागत. हेन्री मेह्यू या पत्रकाराने १८५१ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या ‘लंडन लेबर अँड द लंडन पुअर’मध्ये अशा रात्रींचे तपशीलवार वर्णन केले आहे. तिथे कुत्रा सोबती नव्हता. तो पैजेचे साधन होता.

७/
मात्र याच काळात विचार बदलत होता. १८२२ मध्ये गुराढोरांवरील क्रौर्याविरुद्ध कायदा झाला. १६ जून १८२४ रोजी लंडनच्या ‘ओल्ड स्लॉटर्स’ या कॉफीगृहात काही माणसे जमली आणि त्यांनी प्राणी-क्रौर्य प्रतिबंधासाठी एक संस्था स्थापन केली. तीच आजची आरएसपीसीए. पुढे १८३५ च्या कायद्याने कुत्र्यांच्या झुंजी बेकायदा ठरवल्या. लोकांनी एकत्र बसण्याच्या जागांतच क्रौर्याचा बाजार भरत होता, आणि त्याविरुद्धची चळवळही तशाच एका जागेत आकाराला आली.

८/
झुंजी संपल्या तरी श्वानप्रेमी मंडळी पबातच जमत राहिली, आता आपापल्या कुत्र्यांचे रूप आणि वंश मिरवायला. १८५५ च्या एका प्रसिद्ध चित्रात लंडनमधील अशी बैठक दिसते : उंच टोप्या घातलेले गृहस्थ बसले आहेत आणि त्यांच्यासोबत छोटी-मोठी कुत्री आहेत. १८५९ मध्ये न्यूकॅसल येथे पहिले रीतसर श्वानप्रदर्शन भरले आणि १८७३ मध्ये केनेल क्लबची स्थापना झाली. रिंगणातला कुत्रा अशा रीतीने हळूहळू शेकोटीजवळ येऊन बसला.

९/
विसाव्या शतकात पबला एक अनपेक्षित प्रतिस्पर्धी भेटला : घरातील आरामखुर्ची. २ जून १९५३ रोजी राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक ब्रिटनमध्ये सुमारे २ कोटी लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला. रात्रीची करमणूक घरबसल्या मिळू लागली. या नव्या माध्यमाचे एक आवडते अस्त्र म्हणजे प्रश्नमंजूषा. १९६२ मध्ये ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ आणि १९७२ मध्ये ‘मास्टरमाइंड’ सुरू झाली. ‘मास्टरमाइंड’चे जनक बिल राइट महायुद्धात जर्मनांच्या कैदेत होते. गेस्टापोने घेतलेल्या उलटतपासणीच्या आठवणीतून त्यांना ती काळी खुर्ची आणि तो प्रखर दिवा सुचला.

१०/
जे अस्त्र माणसांना घरात बसवत होते, तेच पबने उचलले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस लिव्हरपूलच्या परिसरात, म्हणजे मर्सीसाइड भागात, प्रश्नमंजूषेचे संघ एकमेकांशी साखळी सामने खेळू लागले होते. १९७० च्या दशकात दक्षिण इंग्लंडमध्ये ‘बर्न्स अँड पोर्टर’ या जोडीने पबांना तयार प्रश्नसंच पुरवायला आरंभ केला. हेतू सरळ व्यापारी होता. शुक्रवार-शनिवारी पब भरतातच; रविवारी किंवा मंगळवारी रिकाम्या खुर्च्यांचे काय करायचे? प्रथा पाहता पाहता देशभर पसरली. २००९ च्या एका पाहणीत ब्रिटनमध्ये दर आठवड्याला २२ हजारांहून अधिक पब-प्रश्नमंजूषा होत असल्याचे दिसून आले.

११/
या खेळाची रीत ठरलेली असते. चार ते सहा जणांचा संघ, नाममात्र प्रवेशशुल्क आणि संघाला शक्य तितके वात्रट नाव. ध्वनिक्षेपकावरून प्रश्न विचारले जातात : इतिहास, भूगोल, क्रीडा, संगीत, आणि एक फेरी छायाचित्रे ओळखण्याची. मग उत्तरपत्रिका शेजारच्या मेजाशी बदलून तपासायच्या. बरोबरी झाली तर अंदाजाचा एक प्रश्न येतो आणि खऱ्या आकड्याच्या सर्वांत जवळ जाणारा जिंकतो. मोबाइलला मनाई असते. ती पाळली जाते ती मुख्यतः लाजेखातर, कारण तपासनीस शेजारीच बसलेला असतो.

१२/
या रीतीतच आपल्या घरकोंबड्याचे रहस्य दडले आहे. त्याला माणसांचा तिटकारा नसतो. विनाकारण बोलत बसण्याचे ओझे वाटते. इथे विषय दुसरा कोणी पुरवतो, बोलण्याला निमित्त मिळते, वार आणि वेळ ठरलेली असते, परतण्याची घटकाही ठाऊक असते. आणि आयुष्यभर एकट्याने वाचलेली पुस्तके, पाहिलेले जुने चित्रपट, पाठ झालेल्या राजधान्या यांना अकस्मात मोल येते. ज्या एकांतामुळे तो लोकांपासून दूर राहिला, त्याच एकांताची कमाई तो मेजावर ठेवतो आणि चार माणसे त्याच्याकडे वळून विचारतात, “तुम्हांला ठाऊक असेल, नाही?”

१३/
उरलेले काम कुत्रा करतो. “तो घरी एकटा राहील” ही न जाण्याची हक्काची सबब त्याला सोबत नेल्याने संपते. शिवाय अनोळखी माणूस आधी कुत्र्याशी बोलतो, मग मालकाशी. ब्रिटनमध्ये पबात कुत्रे आणण्यास कायद्याची मनाई नाही. निर्णय पबचालकाचा असतो. मात्र अन्न जिथे तयार होते तिथे त्यांना प्रवेश नसतो. १ जुलै २००७ पासून इंग्लंडच्या पबांत धूम्रपानबंदी आली. धंदा टिकवण्यासाठी अनेक पब जेवणाकडे आणि कुटुंबवत्सल गिऱ्हाइकांकडे वळले. ‘कुत्र्यांचे स्वागत आहे’ ही पाटी आणि दारातले पाण्याचे भांडे त्याच धडपडीचा भाग बनले.

१४/
धडपड खरी आहे, कारण पब झपाट्याने मिटत आहेत. २००० साली ब्रिटनमध्ये सुमारे ६० हजार पब होते. दोन दशकांनंतर ते ५० हजारांच्याही खाली आले. दुसरीकडे, जानेवारी २०१८ मध्ये तेथील सरकारला एकाकीपणाचा प्रश्न हाताळण्याची जबाबदारी एका मंत्र्यावर सोपवावी लागली. २०१६ मध्ये ऑक्सफर्डचे मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या अभ्यासात असे आढळले होते की, ज्यांचा एक ठरलेला ‘आपला’ पब आहे त्यांचे निकटचे मित्र अधिक असतात आणि ते आयुष्याविषयी अधिक समाधानी असतात. यावरून पबमुळेच समाधान मिळते असे सिद्ध होत नाही. पण अशी जागा बंद पडली, की मद्यविक्रीच्या एका दुकानापेक्षा अधिक काही हरवते, हे मान्य करावे लागते.

१५/
ते काय हरवते, याची परीक्षा २० मार्च २०२० रोजी झाली. महामारीमुळे त्या रात्री ब्रिटनमधील सगळे पब बंद झाले आणि अवघा देश सक्तीने घरकोंबडा झाला. लँकेशायरमधील जे फ्लिन हे पूर्वी पब चालवत आणि तिथे प्रश्नमंजूषाही घेत. ओळखीच्या मंडळींसाठी त्यांनी ती ऑनलाइन घ्यायचे ठरवले. समाजमाध्यमावर निमंत्रण टाकताना ते चुकून सर्वांना खुले राहिले. पाहता पाहता लाखो लोकांनी येण्याची इच्छा नोंदवली. या गृहस्थाने कधीकाळी बेघर अवस्थेत लंडनमध्ये थेम्सकाठच्या बाकावर रात्री काढल्या होत्या.

१६/
३० एप्रिल २०२० रोजी अभिनेते-लेखक स्टीफन फ्राय त्यांच्या प्रश्नमंजूषेत पाहुणे सूत्रधार होते. त्या रात्री १,८२,५१३ प्रेक्षक एकाच वेळी यूट्यूबवर जोडले गेले. घराघरांत सोफ्यावर कागद-पेन्सिल, शेजारी कुत्रा. हा जागतिक विक्रम ठरला. त्याची नोंद कोणी केली? पबातील वाद मिटवण्यासाठी जन्मलेल्या त्याच गिनेसने.

१७/
मध्ययुगातल्या त्या बाईने दाराबाहेर काठी लावून आपले घर गावाला उघडले होते. २०२० मध्ये पबची दारे बंद झाली, तेव्हा पब पुन्हा घरात आला. या दोन टोकांमधला इतिहास पाहिला म्हणजे घरकोंबड्याचे वागणे विसंगत वाटत नाही. तो घर सोडून पबात जात नाही. आपल्या घराला जोडलेल्या एका मोठ्या खोलीत जातो. तिथे त्याच्या कुत्र्याला पाणी मिळते आणि त्याच्या निरुपयोगी ज्ञानाला गुण मिळतात. एखाद्या आठवड्यात ती खुर्ची रिकामी राहिली, तर शेजारच्या मेजावरचा माणूस विचारतो, “आज ते दोघे दिसले नाहीत?” पब मिटला, की असे विचारणारेही कोणी उरत नाही.